ना अध्यात, ना मध्यात

घरी पाहुणे आले की कुत्र्याची परीक्षा ठरलेली. ‘शेकहँड दे’ म्हटलं की ते पंजा पुढे करतं. पाहुणे ‘अय्या, किती हुशार!’ म्हणतात आणि मालकाची कॉलर ताठ होते. हेच कुत्रं संध्याकाळी जिना उतरून खाली आलं की स्कूटरवर भुंकतं, वॉचमनच्या काठीवर धावून जातं, दुसरं कुत्रं दिसताच मालकाचा खांदा निखळेल इतकं ओढतं. घरात पदवीधर, बाहेर अंगठाछाप.

पुण्यात रविवारी सकाळी एका मैदानावर पिल्लांचा वर्ग भरतो. तिथे शेकहँड कुणी शिकवत नाही. एक लॅब्रॅडॉर, दोन बीगल, एक पग, एक शिट्झू आणि गल्लीतून उचलून आणलेली दोन ‘इंडी’ पिल्लं आपापल्या बस्करावर बसली आहेत. मालकांच्या कमरेला खाऊचे बटवे आहेत. त्यात उकडलेल्या चिकनचे डाळिंबाच्या दाण्याएवढे तुकडे, कुणाकडे पनीर, कुणाकडे रताळं. शिकवणाऱ्या बाई सांगतात, ‘‘आज काहीही करायचं नाही. पिल्लानं काही न करणं हाच आजचा धडा.’’

मग एक मुलगा घंटी वाजवत लांबून सायकल नेतो. पिल्लांचे कान उभे राहतात. इंडी पिल्लू सायकलीकडे बघतं, क्षणभर थांबतं आणि मान वळवून मालकिणीकडे पाहतं. त्या क्षणी तिच्या चिमटीतला तुकडा त्याच्या तोंडात जातो. शेजारचं बीगल मात्र उठून ओढायला लागतं. त्याला आणणाऱ्या आजी साठीच्या, पंजाबी ड्रेसखाली स्पोर्ट्स शूज घातलेल्या. त्यांनी पट्टा दोन्ही हातांनी गच्च धरलाय. बाई त्यांना पाच-सहा पावलं मागे नेतात आणि पट्टा सैल सोडायला लावतात. ‘‘आजी, तुम्ही ताणलंत की त्याला वाटतं, काहीतरी वाईट घडणार आहे.’’ सायकल पुन्हा जाते. अंतर वाढलंय, पट्टा सैल आहे. बीगल बघतं, नाक हलवतं आणि बसून राहतं. मिळाला तुकडा!

लांबून पाहणाऱ्याला हा वर्ग अगदी कंटाळवाणा वाटेल. पण आपल्या गर्दीच्या शहरांत, जिथे एका लिफ्टमध्ये कुत्र्याला घाबरणारे काका, कुत्र्यावर झेपावणारी पोरं आणि दुधाची पिशवी घेऊन येणारा माणूस एकाच वेळी शिरतात, तिथे कुत्र्याला खरोखर उपयोगी पडणारं शिक्षण हेच आहे. सगळ्यांशी दोस्ती करणारं कुत्रं घडवायचं नसून कुणाच्या अध्यात ना मध्यात नसणारं कुत्रं घडवायचं आहे. ‘सोशलायझेशन’ या शब्दाचा अर्थ अनेक मालक ‘सगळ्यांना भेटवणं’ असा घेतात आणि निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच असतं.

तीन ते बारा आठवडे

अमेरिकेतल्या मेन राज्यात बार हार्बर इथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी कुत्र्यांच्या पिल्लांवर अनेक वर्षं संशोधन केलं. 1965 मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्याआधी 1961 मध्ये याच ठिकाणचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. पिल्लं उंच कुंपणाच्या मैदानात माणसांपासून दूर वाढवली. त्यातली काही दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या आठवड्यात एकेक आठवड्यासाठी माणसांत आणली. काहींना चौदा आठवडे माणूस भेटलाच नाही. ही शेवटची पिल्लं पुढे जवळजवळ रानटीच राहिली.

साधारण तीन ते बारा आठवडे हा पिल्लाच्या आयुष्यातला असा काळ असतो, की त्यात जे दिसेल, ऐकू येईल, पायाखाली येईल ते ‘आपलं’ होतं. नंतर नवीन गोष्टीकडे पाहायची पहिली प्रतिक्रिया कुतूहलाकडून भीतीकडे झुकते. बारा आठवड्यांनंतर दार बंद होतं असं नाही, पण मग ते ढकलावं लागतं.

आपल्याकडे घोळ इथेच होतो. पिल्लू घरी येतं तेच मुळात फार लहान असतं. 2017 च्या श्वानपैदास आणि विक्रीच्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. तरी महिन्याभराचं पिल्लू ‘लवकर लळा लागतो’ म्हणून गळ्यात मारणारे विक्रेते भेटतातच. आई आणि भावंडांत राहून पिल्लू चावण्याचं माप शिकतं. जोरात चावलं की भावंडं कळवळतात आणि खेळ थांबतो. हा धडा बुडाला की पुढे त्याचे दात घरातल्या पोरांच्या हातांवर उमटतात.

दुसरा घोळ लसीकरणाचा. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत पुढचे डोस, मध्ये तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची लस. पार्व्हो या विषाणूजन्य आजाराची भीती खरी आहे, त्यात पिल्लं पटापट दगावतात. म्हणून ‘सगळे डोस होईपर्यंत घराबाहेर नको’ असा सल्ला मिळतो. सोळा आठवडे संपतात आणि शिकण्याचा काळही संपलेला असतो. अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय वर्तनतज्ज्ञांच्या संघटनेने 2008 मध्ये यावर स्पष्ट भूमिका घेतली. पिल्लाला पहिली लस आणि जंताचं औषध मिळून किमान सात दिवस झाले असतील, तर सातव्या-आठव्या आठवड्यापासून स्वच्छ जागेत, लस झालेल्या पिल्लांसोबत वर्ग सुरू करायला हरकत नाही. वागणूक बिघडल्यामुळे घर गमावणारी कुत्री संसर्गाने मरणाऱ्या कुत्र्यांपेक्षा जास्त, असं त्यामागचं कारण होतं.

आपल्या रस्त्यांवर पार्व्होचा धोका अधिक आहे, म्हणून मधला मार्ग काढायचा. पिल्लाला जमिनीवर न ठेवता कडेवर घेऊन फिरवायचं. बसस्टॉपजवळच्या बाकावर बसायचं आणि मांडीवरून त्याला जग दाखवायचं. हेल्मेट घातलेला माणूस, छत्री, रेनकोट, भंगारवाल्याची हाक, रिक्षाचा हॉर्न, गाय, लिफ्टचं दार. घरात कुकरची शिट्टी, मिक्सर, ओल्या फरशीचा निसरडा स्पर्श. गणपतीत ढोल-ताशाचं पथक लांबच्या गल्लीत सराव करत असेल तर तेही लांबूनच. दर वेळी पिल्लू स्वस्थ असतानाच खाऊ द्यायचा. ते थरथरू लागलं, तोंड फिरवू लागलं, खाऊ नाकारू लागलं तर अंतर कमी पडलं असं समजून मागे सरायचं. ‘सवय होईल’ म्हणून ताशासमोर नेऊन उभं केलं तर सवय भीतीची होते.

धाक की खाऊ?

‘कुत्र्याला कळलं पाहिजे घरात मालक कोण’ हे वाक्य आपल्याकडे अजून ठामपणे ऐकू येतं. त्याची वंशावळ मोठी गमतीची आहे. जर्मनीत कॉनराड मोस्टने 1910 मध्ये पोलिसी कुत्र्यांच्या शिक्षणावर पुस्तक लिहिलं, त्यात झटका आणि शिक्षेला मोठं स्थान होतं. 1947 मध्ये रुडॉल्फ शेंकेलने पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांच्या भांडणांचं वर्णन प्रसिद्ध केलं. तिथून ‘अल्फा’ लांडग्याची कल्पना पसरली. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या 1970 च्या पुस्तकाने ती घरोघर नेली. गंमत पुढेच आहे. रानातल्या लांडग्यांना वर्षानुवर्षं पाहिल्यावर मेक यांनीच 1999 मध्ये लिहिलं, की कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पोरं असतात. तिथे कुणी लढून राज्य मिळवत नाही, त्यामुळे ‘अल्फा’ शब्द सोडून द्यावा. लांडग्यांबद्दलचं मत बदललं, पण कुत्र्याला उताणं पाडून दाबून धरणारे मालक अजून जुन्याच आवृत्तीवर आहेत.

दुसरी वाट रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉवपासून निघते. 1904 मध्ये त्याला नोबेल मिळालं ते पचनसंस्थेवरच्या कामासाठी, पण लोकांच्या लक्षात राहिली ती लाळ गाळणारी कुत्री. एका गोष्टीमागे दुसरी नेमाने येत गेली की पहिलीच्या नुसत्या चाहुलीने शरीर तयार होतं. पुढे मानसशास्त्रज्ञ स्किनरने दाखवलं की ज्या कृतीचा फायदा होतो ती कृती प्राणी पुन्हा करतो. कॅरन प्रायर डॉल्फिन शिकवत होत्या. पाण्यातल्या डॉल्फिनला पट्टा बांधता येत नाही आणि झटकाही देता येत नाही, म्हणून तिथे शिट्टी आणि मासे एवढंच भांडवल. हीच पद्धत त्यांच्या 1984 च्या पुस्तकातून कुत्र्यांपर्यंत आली. शिट्टीच्या जागी ‘टक्’ वाजणारा क्लिकर आला.

पोर्तुगालमध्ये पोर्तो शहरात झालेल्या आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 92 पाळीव कुत्री पाहिली गेली. काही खाऊ-शाबासकीच्या वर्गांतली, काही झटका-शिक्षेच्या. शिक्षेच्या वर्गांतली कुत्री जास्त वेळा ओठ चाटत, जांभया देत, अंग आकसून घेत होती. वर्गानंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, जास्त वाढलेलं होतं. काटेरी पट्टा कुत्र्याला गप्प करू शकतो. पण समोरचा मुलगा दिसला की मान दुखते, हे गणितही कुत्रं त्याच वेळी मांडत असतं. मग एक दिवस ‘काही कारण नसताना’ ते मुलावर गुरगुरतं.

खाऊच्या पद्धतीतही अवघड जागा आहेत. पहिली वेळेची. कुत्रं बसल्यावर आपण बटवा शोधेपर्यंत ते उठलेलं असतं आणि खाऊ उठण्यासाठी मिळतो. दुसरी भाषेची. घरात बाबा ‘सिट’ म्हणतात, आई ‘बस’, आजी ‘बस रे सोन्या’ आणि धाकटा ‘सिट सिट सिट’. कुत्र्याने कुणाचं ऐकावं? वर्गात पहिल्या दिवशी फ्रिजवर लावायला एक कागद देतात आणि त्यावर प्रत्येक सूचनेचा एकच शब्द लिहायला सांगतात. तिसरी अडचण जेवणाच्या टेबलाची. तिथे आजोबा ताटातला तुकडा हळूच खाली टाकतात आणि महिन्याभराच्या शिकवणीवर पाणी पडतं. कुत्रं तुलनेने लवकर शिकतं, वेळ घराला लागतो.

‘तो काही करत नाही हो!’

कुत्र्यांच्या मालकांचं राष्ट्रगीत म्हणावं असं हे वाक्य आहे. समोरून कुत्रं धावत येतंय, माणूस भिंतीला चिकटलाय आणि मालक मागून ओरडतोय, ‘‘तो काही करत नाही हो!’’ समोरच्याच्या पोटात आलेला गोळा हे ‘काही’ नाही का?

शिवाय ‘काही करत नाही’ हे कशावरून? बहुतेक जण शेपटीवरून ठरवतात. इटलीत बारी विद्यापीठातल्या संशोधकांनी 2007 मध्ये दाखवलं, की मालक दिसला की कुत्र्याची शेपूट उजवीकडे जास्त हलते आणि अनोळखी दांडगं कुत्रं दिसलं की डावीकडे. रस्त्यावर उभं राहून डावं-उजवं मोजायची गरज नाही. पण शेपूट हलणं म्हणजे आनंद, हे समीकरण सोडून द्यायला हवं. ताठ अंगावर ताठ उभी राहून भरभर हलणारी शेपूट आणि कमरेपासून सैल हलणारी शेपूट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

कुत्रं चावायच्या आधी बरंच काही सांगून झालेलं असतं. ते तोंड फिरवतं, खायला काही नसताना ओठांवरून जीभ फिरवतं, झोप आली नसताना जांभई देतं. डोळ्यांचा पांढरा भाग कोरीसारखा दिसायला लागतो. अंग गोठतं. त्यानंतर गुरगुर. नॉर्वेच्या श्वानप्रशिक्षक टुरिड रुगास यांनी अशा खुणांकडे मालकांचं लक्ष वेधलं. मुलांच्या वाढदिवसाला कुत्र्याच्या गळ्यात हात टाकून काढलेले फोटो पुन्हा बघा. मुलं हसत असतात आणि कुत्र्याचं तोंड बहुधा दुसरीकडे असतं. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला मारणं तर फारच महागात पडतं. त्याची धोक्याची घंटा आपणच काढून घेतो. पुढच्या वेळी ते न वाजवता चावतं.

कायदाही इथे मालकाकडेच बोट दाखवतो. आपल्या जनावरामुळे माणसाच्या जिवाला किंवा शरीराला धोका होऊ नये याची काळजी जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दुसऱ्या बाजूने, भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाने 2015 मध्ये सोसायट्यांना बजावलं, की पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही. त्याच पत्रकात मालकांना मात्र सार्वजनिक जागी कुत्रा पट्ट्यात ठेवायचा आणि घाण साफ करायचा सल्ला आहे. सोसायटीच्या ग्रुपवर प्रत्येक जण त्यातला आपल्या सोयीचा परिच्छेद तेवढा टाकतो!

गल्लीचे मालक

परदेशी पुस्तकांत सगळं सापडतं, पण आपल्या फेरीतला सर्वांत मोठा प्रश्न तिथे नसतो. कोपऱ्यावर पानपट्टीजवळ चार कुत्री झोपली आहेत आणि आपण पट्ट्यातलं कुत्रं घेऊन त्यांच्या हद्दीतून निघालोय. गल्ली त्यांची, परके आपण.

इथे अनुभवी डॉगवॉकरांचं बघून शिकावं. ते रस्ता आणि वेळ ठरवून घेतात, कारण प्रत्येक टोळीच्या झोपायच्या आणि भुंकायच्या वेळा असतात. टोळी लांबून दिसली की ते थबकत नाहीत, टक लावून बघत नाहीत, पट्टा आखडत नाहीत. आधी सराव केलेला ‘चल मागे’ म्हणतात आणि अर्धवर्तुळ घेऊन वळतात. एखादं अंगावर आलंच तर मूठभर खाऊ त्याच्या तोंडासमोर जमिनीवर फेकतात. हुंगायला खाली गेलेलं तोंड भुंकायला लगेच वर येत नाही, आणि निसटायला तेवढा वेळ पुरतो. लहान कुत्र्याला घाईघाईने उंच उचलणं मात्र उलटतं, खालची कुत्री उड्या मारायला लागतात.

या गल्लीमालकांशी आपलं भांडण जुनं आहे. मुंबईत उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारायची मोहीम कंपनी सरकार चालवायचं. 1832 मध्ये मोहिमेची मुदत वाढली, बक्षिसाच्या आशेने कुत्री पकडणारे घरांच्या दारात पोचले आणि 6 जूनला फोर्टात दंगल पेटली. त्यात पारशी पुढे होते. त्यांच्या अंत्यविधीत कुत्र्याची नजर मृतावर पडणं पवित्र मानतात, त्यांच्यासाठी हा धर्माचा प्रश्न होता. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद राहिली.

दोन शतकांनी हाच वाद सर्वोच्च न्यायालयात पोचला. 11 ऑगस्ट 2025 ला दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री निवाऱ्यांत न्यायचा आदेश आला. 22 ऑगस्टला तो बदलला. रेबीज झालेली किंवा आक्रमक कुत्री वगळता बाकीच्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना मूळ जागी सोडायचं, आणि खाऊ घालणं ठरवून दिलेल्या ठिकाणीच. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकांच्या आवारातून कुत्री हलवायचा आदेश निघाला. या गदारोळात पाळीव कुत्र्याचा मालक स्वतःला बाजूला समजतो. पण रस्त्यावरच्या माणसाच्या मनात ‘कुत्रं’ ही एकच जात आहे. पट्ट्यातल्या कुत्र्याने दिलेला झटका तो गल्लीतल्या कुत्र्याच्या खात्यावर मांडतो, आणि उलटही.

ज्याचं त्याचं काम

‘आमचा ऐकतच नाही’ ही तक्रार पुष्कळदा जातीच्या मूळ कामाविरुद्ध असते. बीगलला पिढ्यानपिढ्या नाक खाली घालून सशाचा माग काढायला घडवलं, तो मान वर करून आपल्या शेजारी कवायतीत कसा चालेल? सायबेरियन हस्की बर्फात घसरगाडी ओढायला जन्मला, तो ठाण्याच्या दुसऱ्या मजल्यावर सोफा फाडणारच. 2003 मध्ये हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलामागे धावणारा पग आला आणि घरोघर पग झाले. त्या चपट्या नाकाला मेच्या दुपारी दोनशे पावलंही जड जातात, हे जाहिरातीत दिसलं नव्हतं.

आपल्या मातीतला कारवानी घ्या. मराठवाडा-सोलापूर पट्ट्यातला हा लांब पायांचा, खोल छातीचा, निमुळत्या तोंडाचा शिकारी कुत्रा. सीमेपलीकडे मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी याच घराण्याची जोपासना केली. मालोजीराव घोरपड्यांनी राजा पाचव्या जॉर्जला अशी जोडी भेट दिली. 2005 मध्ये ‘मुधोळ हाउंड’ टपाल तिकिटावर आला आणि पुढे सैन्याच्या मीरतच्या केंद्रातही पोचला. याच्या शिकारीत डोळ्यांवर भिस्त असते. लांबवर ससा हलला की तो सुटतो आणि मागून येणारी हाक त्याच्या कानापर्यंत पोचते पण डोक्यापर्यंत नाही. म्हणून उघड्या माळावर लांब दोरी, आणि मनसोक्त पळायला चारी बाजूंनी कुंपण असलेली जागा, एवढं त्याला द्यायलाच हवं.

फेरी कुणासाठी?

आपण कुत्र्याला ‘शू-शी’साठी खाली नेतो. मोबाइलवर बोलत बोलत दहा मिनिटांत परत. ते खांबापाशी थांबलं की ‘चल रे’ म्हणत ओढतो. माणसाच्या नाकात वास टिपणारे पन्नास-साठ लाख ग्राहक असतात, कुत्र्याच्या नाकात जातीनुसार वीस-तीस कोटींपर्यंत. 1993 च्या स्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या ‘झंजीर’ या लॅब्रॅडॉरने लपवलेली स्फोटकं शोधून काढली ती याच नाकाच्या जोरावर. त्या खांबावर आपल्या कुत्र्याला सकाळपासून कोण आलं, कोण गेलं, कोण आजारी आहे, सगळं वाचायला मिळतं.

शार्लोट ड्युरांटन आणि अलेक्झांड्रा होरोवित्झ यांनी 2019 मध्ये एक छान अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटातल्या कुत्र्यांकडून दोन आठवडे रोज वास शोधायचा खेळ करून घेतला, दुसऱ्या गटाकडून मालकाच्या पायाशी शिस्तीत चालण्याचा सराव. आधी आणि नंतर त्यांच्यासमोर एक वाटी अशा जागी ठेवली, की तिच्यात खाऊ आहे की नाही हे कळू नये. नाक वापरलेली कुत्री नंतर त्या वाटीकडे जास्त लवकर गेली. म्हणजे त्यांचा चांगल्या गोष्टीवरचा भरवसा वाढला होता. तेव्हा रोजच्या फेरीतला थोडा वेळ त्याच्या नाकाच्या मर्जीने जाऊ द्यावा. कुत्रं दमून आणि शांत होऊन घरी येतं.

लांबच्या सहलीला हिशेब वेगळे. कुत्र्याला घाम जवळजवळ फक्त पंजांच्या तळव्यांतून येतो, बाकी उष्णता ते धापा टाकून बाहेर फेकतं. त्याचं तापमान मुळातच 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट. डांबरावर हाताचा मागचा भाग पाच-सात सेकंद टेकवून बघायचा, आपल्याला चटका बसला तर त्यालाही बसतो. बंद गाडीत ‘दोनच मिनिटं’ ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ. पावसाळ्यात गवतातून फिरून आलं की कानाच्या घड्या, बोटांच्या बेचक्या, काखा तपासायच्या. तपकिरी गोचिडीतून येणारा एर्लिकिया हा जंतू प्लेटलेट्स खाली आणतो. उंदरांच्या मुतातून येणारा लेप्टो साचलेल्या पाण्यात असतो आणि तो माणसालाही होतो, त्यामुळे त्याची लस चुकवू नये.

रेल्वेने न्यायचं तर वातानुकूलित पहिल्या वर्गात पूर्ण कूपे किंवा केबिन आपल्या नावावर असावी लागते, नाहीतर गार्डच्या डब्यातली श्वानपेटी. बाकी वर्गांत परवानगी नाही. म्हणून बहुतेक जण गाडी काढतात आणि कोकणात जातात. तिथेही भान लागतं. हिवाळ्यात वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि घरटी उकरणाऱ्यांत कुत्री पुढे असतात. मोकळं सोडलेलं शहरी कुत्रं याला अपवाद नसतं. समुद्राचं पाणी प्यालं की उलट्या-जुलाब ठरलेले, तेव्हा गोड्या पाण्याची बाटली जवळ हवी.

अभयारण्यात तर नेऊच नये. 2018 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात गीरमध्ये वीसहून अधिक सिंह मेले, तेव्हा त्यांतल्या काहींच्या शरीरात कॅनाइन डिस्टेम्पर या कुत्र्यांच्या आजाराचा विषाणू सापडला. आणि जुन्नर-अकोले भागातल्या फार्महाउसवर रात्री कुत्रं अंगणात बांधणाऱ्यांनी वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांचा अकोले खोऱ्यातला अभ्यास लक्षात ठेवावा. तिथल्या बिबट्याच्या भक्ष्यात वजनाच्या हिशेबाने 39 टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला होता.

आणि दिवाळी

नेपाळात तिहारच्या दुसऱ्या दिवशी कुत्र्यांना टिळा लावून, गळ्यात झेंडूची माळ घालून पुजतात. ती आपली नरकचतुर्दशी. आपण त्याच पहाटे सुतळी बॉम्ब लावतो. माणसाला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला पंचेचाळीस हजारांच्या आसपास. घाबरलेली कुत्री या चार दिवसांत पट्टा तोडून पळतात, म्हणून पट्ट्यावर फोन नंबर हवाच.

तयारी नवरात्रापासून करावी. फटाक्यांचं ध्वनिमुद्रण अगदी हळू लावायचं, सोबत आवडता खाऊ, आणि कुत्रं निवांत राहील तसा दिवसागणिक आवाज थोडा वाढवायचा. संध्याकाळची फेरी फटाके सुरू व्हायच्या आत उरकायची. घरात खिडक्यांपासून लांब, पडदे ओढलेली एक जागा, पंखा किंवा टीव्हीचा एकसुरी आवाज. घाबरलेलं कुत्रं जवळ आलं तर त्याला जवळ घ्यावं. ‘लाड केले की भीती वाढते’ हा गैरसमज आहे, भीती बक्षिसाने वाढत नाही. भीती फारच असेल तर पशुवैद्याकडे आधीच जावं, कारण नुसती गुंगी आणणाऱ्या गोळीने शरीर आडवं होतं आणि आतली भीती तशीच राहते. फराळाचं ताट उंचावर ठेवावं. लाडवातल्या मनुका मूत्रपिंडांवर आघात करू शकतात, चिवड्यातला कांदा-लसूण तांबड्या रक्तपेशींवर. चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेली शुगरफ्री मिठाई तर विषच.

भाऊबीज उरकली की सोसायटीची मीटिंग लागते. पार्किंग, पाण्याचा टँकर, गच्चीची गळती आणि कुत्री हे विषय ठरलेले. पट्टा, परवाना, लिफ्ट, घाण यांवर दोन तास जातात आणि त्या भांडणात दोन-चार कुत्र्यांची नावं सगळ्यांना तोंडपाठ होतात. त्याच इमारतीत कुठेतरी तिसऱ्या मजल्यावर आणखी एक कुत्रं असतं. रोज दोनदा उतरतं, खांब हुंगतं, कुणी आडवं आलं तर बाजूला बसून वाट देतं. त्याला शेकहँड येतो की नाही, कुणाला माहीत नाही. मीटिंगमध्ये त्याचा विषय निघत नाही. शिकवलेलं कुत्रं बघायचं असेल तर त्याच्या घरी जावं.